डाएट चार्ट नको, आधी चालायला सुरुवात करा

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळीचा फराळ संपला की डाएटचा सीझन सुरू होतो, आमच्या पाचपाखाडीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नवा चार्ट, कोणी कीटो, कोणी नुसते ज्यूस, कोणी रात्रीचं जेवणच बंद. शेजारच्या काकूंनी पोळी-भात पूर्ण सोडला, वजन उतरलं पण केस मूठमूठ गळायला लागले, जिना चढताना दम लागायचा, आणि नेहमीसारखं जेवायला लागल्या तसं सगळं वजन परत, वर दोन किलो जास्तच. आता म्हणतात, माझाच कंट्रोल नाही. फार वाईट वाटतं हो ऐकून. शरीराला उपाशी ठेवलं की चरबीसोबत स्नायूही जातात, शरीर कमी खर्चात भागवायला लागतं, भूक वाढते, मग वजन परत येणारच ना, त्यात काकूंचा काय दोष?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चाललात तरी झालं, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि नेमके तेच आपल्याकडे बायका टाळतात. सकाळी कचराळी तलावावर या, साडीवर स्पोर्ट्स शूज घालून झपझप चालणाऱ्या आज्या दिसतील, चालून झालं की कठडा धरून सावकाश उठाबशा काढतात. काटा हलो न हलो, शुगर, बीपी, झोप यात फरक पडतोच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ च्या अभ्यासात देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे, अशा वेळी जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली सुद्धा शुगरला आवर घालते (गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून).

खाण्यात काही बंद करू नका, उसळ-भाजी वाढवा, भात थोडा कमी, गोड चहा चारचे दोन. मामलेदारची मिसळ कधीतरी खा की!

एक कळकळीची विनंती, पुरवणीत 'पंधरा दिवसांत सपाट पोट' छापण्यापेक्षा साठीतल्या माणसाला गुडघे सांभाळून घरी करता येतील असे व्यायाम फोटोसकट छापा. आणि घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना चालायला धड फुटपाथ मिळत नाही, म्हातारी माणसं गाड्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालतात, तो विषय तेवढा लावून धरा.

- एक नियमित वाचक, पाचपाखाडी, ठाणे