बिननावाच्या एका चिठ्ठीसाठी, सिस्टर

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या सातवीच्या वर्गावर येऊन गेलात, त्याला दोन महिने झाले. त्या दिवशी घाईघाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून तुम्हाला फाटकापर्यंत सोडलं, ते मनाला लागून राहिलं आहे.

कॅन्सर हा विषय मी दरवर्षी शिकवते. माझं शिकवणं म्हणजे काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र आणि ‘हे करू नका, ते करू नका’. तुम्ही चित्र आणलंच नाहीत. एका मुलाला उभं केलंत. त्याने दुसऱ्याला उठवलं, दोघांचे चार, चारांचे आठ. टाळी वाजली की थांबायचं. फक्त एकाच्या कानात तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, ‘तू थांबू नकोस.’ तो उठवतच सुटला आणि बाकांमधून जायला वाट उरली नाही. पेशी थांबेनाशी होते म्हणजे काय, हे मुलांना पाच मिनिटांत कळलं.

तंबाखू, रोजचा तासभर खेळ, ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठीची, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्ही लस, सगळं सांगितलंत. पण मला लिहायचंय ते चिठ्ठ्यांच्या पेटीबद्दल. मुलांनी नाव न लिहिता त्यात प्रश्न टाकले होते. त्यातली एक चिठ्ठी अशी होती:

‘माझ्या आईला कॅन्सर आहे. मी तिला त्रास द्यायचे म्हणून झाला का?’

खाली नाव नव्हतं. रोज वह्या तपासणाऱ्या मला अक्षर लगेच ओळखू आलं. (तिला आणि तिच्या आईला विचारूनच हे लिहिते आहे.) तुम्ही कोणाकडेही न बघता म्हणालात, ‘नाही. कोणी त्रास दिला म्हणून दुसऱ्याला कॅन्सर होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही.’ मग तो संसर्गजन्य नाही, आईला खुशाल मिठी मारावी, हे सांगितलंत. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात आणि केसांच्या मुळाशी तशाच पेशी असतात, म्हणून केस गळतात. ते बहुतेकांचे परत येतात, हेही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे असतात. आम्ही शिक्षक तेवढ्यांबद्दलच बोलतो. तुम्ही उरलेल्यांबद्दल बोललात. लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचा सवयींशी संबंध नसतो, म्हणून आजारी माणसाला ‘तू काय केलंस?’ असं कधीच विचारू नका, म्हणालात. माझ्या धड्यात हे वाक्य इतकी वर्षं नव्हतं. घरी आजारी माणूस असलेली किती मुलं माझ्यासमोर मान खाली घालून बसली असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मुलीच्या शेजारची मैत्रीण मधे दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दप्तर घेऊन परत आली. आणि गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत चिठ्ठी लिहिणारी ती मुलगी मला शोधत आली. ‘बाई, आईला केस यायला लागलेत. हात फिरवला की मऊ मऊ लागतं.’

पेटी माझ्या कपाटात जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या सातवीसाठीही याल ना?

तुमची कृतज्ञ,
सातवीची वर्गशिक्षिका