कवितेसाठी खुर्ची

अबरिस्टविथ, वेल्स
१० मार्च

ती. अप्पा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. चिऊच्या कवितेला दुसरं बक्षीस मिळालं, हे तुम्हाला फोटोवरून कळलंच. तिच्या गळ्यात लाल रिबिनीची छोटी पिशवी दिसते ती कसली, असं आईने विचारलं होतं. आणि अप्पा, दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात तीस लाख माणसं. पाच लाख लोकांची भाषा शिकून पोरीने करायचं काय?" तेव्हा मी विषय बदलला होता. आज दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते.

आकडा तुमचा बरोबरच आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले, म्हणजे इथल्या शंभर माणसांतली अठरासुद्धा नाहीत. आमच्या केरेडिगियोन भागात हे प्रमाण बरंच जास्त आहे आणि प्राथमिक शाळा बहुतेक वेल्श माध्यमाच्याच आहेत, म्हणून चिऊ त्या भाषेत शिकते. पण या पाच लाखांनी मुलांच्या कवितेसाठी जे उभं केलं आहे, ते आपल्याकडे कोट्यवधींत मला दिसलं नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

इथे कविता, गाणं आणि पाठांतर यांच्या स्पर्धेला आयस्टेधवोड म्हणतात. लॉर्ड रीस नावाच्या राजाने ११७६ च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादक जमवून त्यांची चढाओढ लावली आणि जिंकणाऱ्यांना मानाची खुर्ची दिली. ती पहिली धरतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभरावर वर्षं आधी! राष्ट्रीय आयस्टेधवोड ऑगस्टमध्ये भरते. मुलांची वेगळी असते, ती इर्ध नावाची संस्था भरवते. इव्हान अब ओवेन एडवर्ड्स यांनी ही संस्था १९२२ साली मुलांसाठी काढली आणि १९२९ मध्ये कॉर्वेनला पहिली स्पर्धा घेतली. आपल्याकडे क्रीडास्पर्धांना तालुका, जिल्हा आणि मग राज्य अशा फेऱ्या असतात, तशाच इथे कवितेला आणि गाण्याला असतात. शेवटची फेरी मेअखेरच्या सुट्टीत होते. शिवाय १ मार्चला सेंट डेव्हिडच्या दिवशी कितीतरी शाळांमध्ये आपापली छोटी आयस्टेधवोड असते. आपला मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला, आणि यांचा हा दिवस लगेच त्याच्या मागोमाग. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरी कवितांशिवाय दुसरा विषय नव्हता.

चिऊने भाग घेतला ती मात्र यांतली कोणतीच नव्हे. ती खेड्यातली होती. डोंगरात वसलेलं गाव, आपल्या मळ्यातल्या वस्तीपेक्षा थोडं मोठं असेल. प्रार्थनामंदिराला लागून हॉल आहे, तिथे दुपारी सुरू झालं ते रात्री उशिरापर्यंत चाललं. आधी अगदी लहान मुलं, मग मोठी, मग कॉलेजची पोरं, शेवटी पिकल्या केसांची माणसं. गावातल्या बायका चहा, सँडविच आणि बारा ब्रीथ नावाचा मनुक्यांचा पाव वाढत होत्या. आई, तिथे तुझी फार आठवण आली. हरिनाम सप्ताहात पंगतीला तू जशी कोणाच्या पानात काय नाही हे लांबून ओळखतेस, तशी तिथे एक आजी होती.

आता कवितेची पद्धत ऐका. विषय आधीच जाहीर होतात. पाचवी-सहावीच्या मुलांना या वेळी 'पाणी' हा विषय होता. कविता काही आठवडे आधी पाठवायची आणि तिच्याखाली फक्त टोपणनाव लिहायचं. सोबत एक बंद पाकीट, वर टोपणनाव आणि आत खरं नाव. निकाल ठरेपर्यंत ते पाकीट कोणी उघडत नाही. परीक्षक बाहेरगावचा असतो. कविता सरपंचाच्या मुलाची की मजुराच्या मुलीची, हे त्याला कळायला वावच नाही. चिऊने टोपणनाव घेतलं ते खंड्या पक्ष्याचं, 'ग्लास अ दोर्लान'. इथल्या नदीवर तो दिसतो आणि तुमच्या विहिरीवरही तिने पाहिला होता.

त्या दिवशी परीक्षक व्यासपीठावर आला आणि आलेल्या प्रत्येक कवितेवर बोलला, नुसत्या पहिल्या तिनांवर नाही. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. दहा वर्षांच्या मुलांच्या कवितांबद्दल एक मोठा माणूस भर सभेत गंभीरपणे बोलतो आहे, कुठली ओळ उभी राहिली आणि कुठली पडली ते सांगतो आहे, आणि आख्खं गाव कान देऊन ऐकतं आहे. पोरं आपलं टोपणनाव आलं की खुर्चीत ताठ होत होती. कौतुक होतं, पण खोटं नव्हतं.

चिऊची कविता तुमच्यावर आहे, अप्पा. तिने स्वतःच ती मला मराठीत करून दिली. सुरुवात अशी आहे:

विहिरीत पाणी आहे
पण वीज रात्री येते.
आजोबा बॅटरी घेऊन जातात
पाण्याला उठवायला.

परीक्षक म्हणाला, इतर सगळ्यांनी पावसावर, समुद्रावर, गळक्या नळावर लिहिलं, कारण इथे वेल्समध्ये पाणी न बोलावता येतं. या एका कवितेत कोणीतरी पाण्याची वाट पाहतं आहे. 'पाण्याला उठवायला' ही ओळ त्याने दोनदा वाचली. मग म्हणाला, शेवटच्या दोन ओळी मात्र भिंतीवरच्या पोस्टरवरून आल्या आहेत, त्या या कवीच्या नाहीत. अप्पा, त्या ओळी होत्या पाणी म्हणजे जीवन आणि थेंब थेंब वाचवा अशा. घरी आल्यावर चिऊने वही काढून त्या दोन ओळींवर स्वतःच काट मारली. रडली नाही, रुसली नाही. तिला पटलं होतं. तुम्ही आमचे निबंध तपासताना "हे तुझं नव्हे, गाइडातलं आहे" म्हणायचात, तेच तिने परक्या माणसाकडून, परक्या भाषेत ऐकलं आणि तिला ते आपलं वाटलं.

आता ती पिशवी. गावच्या आयस्टेधवोडमध्ये लहान मुलांना बक्षिसाची नाणी अशा रिबिनीच्या पिशवीत घालून देतात आणि ती गळ्यात अडकवतात. जुनी चाल आहे. पण याच देशात एकोणिसाव्या शतकात कितीतरी शाळांतून मुलांच्या गळ्यात दुसरंच काही अडकवलं जायचं. कोणी वेल्श बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात एक लाकडी पट्टी घालायची. दुसरं कोणी बोलताना सापडलं की ती त्याच्या गळ्यात जायची, आणि शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला मार. १८४७ मध्ये तर वेल्श न जाणणाऱ्या सरकारी चौकशी अधिकाऱ्यांनी भाषेसकट इथल्या माणसांनाच मागासलेलं ठरवून टाकलं होतं. हे वाचल्यापासून त्या लाल पिशवीकडे मला नुसतं बक्षीस म्हणून बघता येत नाही. पोरांनी बोलावं म्हणून ती गळ्यात घालतात. तुम्ही विचारलं होतं, शिकून करायचं काय. चिऊला या भाषेतून नोकरी मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण भाषा टिकवायची तर मुलांना तिच्यात स्वतःचं काही रचू द्यावं लागतं, हे ती या लोकांत वाढताना शिकते आहे. हे तिला मराठीसाठीही लागणार आहे.

संध्याकाळी शाळकरी मुलांची मानाची खुर्ची दिली गेली. तो सोहळा सांगण्यासारखा आहे. परीक्षक फक्त टोपणनाव पुकारतो आणि म्हणतो, तेवढ्याच एकाने उभं राहावं. सगळे माना वळवून बघतात. मागच्या रांगेतून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उठला. मेंढ्यांच्या विताचे दिवस आहेत, तो गोठ्यातून थेट आला होता आणि बूट तसेच होते. दोघांनी त्याला हाताला धरून वर नेलं. त्याच्या डोक्यावर म्यानातली तलवार धरली, अर्धी उपसली, आणि विचारलं, शांतता आहे का? सभेने एका आवाजात उत्तर दिलं, शांतता! असं तीनदा. मग त्याला खुर्चीवर बसवलं आणि गावातल्या दोन जुन्या कवींनी त्याच्यासाठी रचून आणलेल्या ओळी म्हटल्या. त्याची कविता पट कमी झाला म्हणून बंद पडलेल्या गावच्या शाळेवर होती. अप्पा, तुमच्या जुन्या वस्तीशाळेची चर्चा चालली आहे ना, तसंच सगळं. सभेतले निम्मे लोक त्या शाळेत शिकलेले होते.

अशाच खेड्यातल्या स्पर्धांतून इथला एक फार मोठा कवी घडला. एलिस हम्फ्री इव्हान्स हे त्याचं नाव, पण सगळे त्याला हेध विन या टोपणनावाने ओळखतात. ट्रॉसव्हानिथजवळच्या डोंगरातल्या शेतावरचा मेंढपाळ, शाळा लवकर सुटलेली. १९०७ साली बाला गावी त्याने पहिली खुर्ची मिळवली, मग आणखी. १९१७ साली बर्कनहेडला राष्ट्रीय आयस्टेधवोडमध्ये विजेत्याचं टोपणनाव पुकारलं तेव्हा कोणीच उभं राहिलं नाही. तो ३१ जुलैलाच बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला होता. ती खुर्ची काळ्या कापडाने झाकली आणि तशीच त्याच्या घरी पाठवली. बेल्जियमहूनच आलेल्या एका निर्वासित कारागिराने ती कोरली होती. ते घर जतन केलं आहे. तुम्ही दोघं आलात की नक्की नेईन.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण वृत्त म्हटलं की तुम्ही सरसावून बसता. मोठ्या मुलांना इथे 'कंगहानेध' शिकवतात. ढोबळपणे सांगायचं तर ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जी व्यंजनं ज्या क्रमाने येतात, तीच दुसऱ्या अर्ध्यात त्याच क्रमाने यायला हवीत. स्वर बदलले तरी चालतात. नियम याहून पुष्कळ आहेत आणि प्रकार मुख्यतः चार. मी मराठीत करून पाहिलं: "काळी माती, कळी मोती". क, ळ, म, त आणि पुन्हा क, ळ, म, त. चिऊला हा खेळ इतका आवडला की आता आंघोळ करतानाही व्यंजनं जुळवत असते. तुम्हीही एखादी ओळ जुळवून पाठवा, तिने तुम्हाला आव्हान दिलं आहे.

आता माझं मागणं. आपल्या गावात २७ फेब्रुवारीला भाषणं होतात, मुलं पाठ केलेली कविता म्हणतात, छान म्हणतात. पण स्वतः लिहिलेली कविता कोणी मागत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आणि हेडमास्तरांनी मिळून मागाल का? विषय एकच, जवळचा: चारा छावणी, एसटीचा थांबा, टँकर, मेंढरं, काहीही. टोपणनाव आणि बंद पाकीट ही पद्धत मात्र सोडू नका, नाहीतर पहिला नंबर कोणाला जाणार हे आधीच सगळ्यांना माहीत असतं. परीक्षक तालुक्याबाहेरचा आणा आणि त्याने प्रत्येक कवितेवर निदान दोन वाक्यं बोललीच पाहिजेत, अशी अट घाला. बोलीत लिहिलेलं चालेल, हे आधीच मोठ्या अक्षरात लिहा. माणदेशातली पोरं घरी जे बोलतात ते शाळेत अशुद्ध ठरतं, मग ती पुस्तकातल्या ओळी उचलतात. मेंढपाळाच्या पोराला वाघर, कोकरू, कळप यांबद्दल जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही. त्याला ते लिहू दे. व्यासपीठावर पुढाऱ्यांचे सत्कार ठेवू नका, मुलांचा वेळ त्यातच जातो.

आणि आई, तुझ्याकडेही एक काम आहे. जात्यावरच्या ओव्या तुला आणि काकूला येतात, त्या मुलांना ऐकवशील? कविता पुस्तकाबाहेरही होते, आपल्याच आजीने केली होती, हे त्यांना कळलं तर वही उघडायला ती बिचकणार नाहीत. चिऊसाठीही थोड्या फोनवर रेकॉर्ड करून ठेव. दळणाच्या आणि माहेरच्या दोन्ही.

बक्षिसाची पुस्तकं आणि पाकिटं यांचा खर्च मी करेन, पुस्तकं तुम्ही निवडा. खुर्चीचं मात्र आपल्या सुतारकाकांना विचारून पाहा. बाभळीची चालेल, लहानच करायची, पण शाळेत ठेवायची नाही, जिंकणाऱ्या पोराने घरी न्यायची. हेडमास्तरांशी बोललात की कळवा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडतानाच विषय जाहीर करता येईल. चिऊची पूर्ण कविता सोबतच्या कागदावर आहे. रात्रपाळीच्या विजेची वेळ तिने बरोबर लिहिली आहे का, ते पाहून सांगा, तिला ते नक्की हवं आहे.

तुमची,
माई