शिकिनाएनमधल्या मावशींस

आदरणीय मावशी,
सा. न. वि. वि.

गेल्या सप्टेंबरात, ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातल्या शिकिनाएन बागेत, तळ्याच्या काठावर एक वयस्क गृहस्थ मटकन खाली बसले होते आणि त्यांची मुलगी घाबरून इकडेतिकडे बघत होती. ते माझे बाबा. वय 76, गुहागरकडचे बागायतदार. मी तोक्योला राहते. बाबांना ओकिनावा दाखवायचं फार दिवस मनात होतं, आणि एका दिवसात सगळं बघून व्हावं म्हणून त्या दमट उन्हात मी त्यांना भरभर चालवत होते.

तुम्ही दगडांच्या फटींतलं गवत काढत होतात. हातातला विळा तिथेच ठेवून आलात. दोघींनी मिळून बाबांना लाल कौलांच्या वाड्याच्या पडवीत टेकवलं. तुम्ही डोक्यावरची रुंद टोपी काढून वारा घालायला लागलात. मग थर्मासमधला गार सानपिन चहा दिलात, मोगऱ्याच्या वासाचा, आणि कागदाची पुडी सोडून काळ्या साखरेचा एक खडा बाबांच्या तळहातावर ठेवलात. बाबांनी तो जिभेवर ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाले, "अगो, हा तर गूळ!"

उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी द्यायचं नाही, आधी गुळाचा खडा द्यायचा, ही आमच्या घरची रीत. घरापासून इतक्या लांब ती कुणीतरी पाळेल असं बाबांना वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, ते चक्कर आल्यामुळे नव्हे. हे तेव्हा तुम्हाला सांगायला माझं जपानी पुरलं नाही, म्हणून आज लिहितेय.

बाबांना बरं वाटल्यावर तुम्ही आम्हाला निरोप देऊ शकला असतात. त्याऐवजी "युक्कुरी, युक्कुरी" म्हणत, म्हणजे सावकाश, सावकाश म्हणत, बाबांच्या चालीने सगळी बाग दाखवलीत. ती बाग तशीच बघायची असते हे मला तेव्हा कळलं. आधी मी फाटकापासूनची झाडीतली वाट नुसती पार केली होती. तुम्ही परत तिथे नेऊन दाखवलंत, की ती वाट मुद्दाम नागमोडी ठेवलीय, तळं शेवटपर्यंत दिसू नये म्हणून. तिथल्या गाजुमारूच्या पारंब्यांना हात लावून बाबा म्हणाले, "नांदरूक." खालची अळवासारखी थोरली पानं बघून त्यांचा चेहरा खुलला, तर तुम्ही दोन्ही हात हलवून "नाही, नाही" केलंत. कुवाझुइमो, म्हणजे 'न खायचा कंद'! बाबा ते नाव अजून सांगतात.

तळं 'मन' या चिनी अक्षराच्या आकाराचं, त्याभोवती फेरी मारत बघायचं, ही जपानी पद्धत. तळ्यावरचे कमानीचे दगडी पूल आणि काळ्या कौलांची षट्कोनी छत्री चिनी वळणाची. पण दगड तुमच्याच बेटाचा, पोवळ्यांपासून झालेली चुनखडी, ओबडधोबड आणि भोकाभोकांची. आणि भोवतीचं रान कुणाचंच उसनं नाही. मला आवडला तो झरा, इकुतोकुसेन. त्याच्या बांधावरचे दगड एकात एक असे बसवलेत की बाबा वाकून सांधे बोटाने चाचपत राहिले. त्या पाण्यात एक दुर्मीळ शैवाल राहतं, सरकारने जपलेलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आवाज खाली आणला होतात, जणू ते झोपलंय.

मग कांकोदाई. उंचावरच्या त्या जागी पोचल्यावर बाबांनी आधी विचारलं, "समुद्र कुठेय?" आयुष्यभर अंगणातून समुद्र बघितलेला माणूस, बेटावर उंच चढल्यावर दुसरं काय विचारणार? मी भाषांतर केलं आणि तुम्ही हसलात. दिसत नाही, तेच तर! 1799 साली र्युक्युच्या, म्हणजे तुमच्या बेटांवरच्या जुन्या राज्याच्या, राजघराण्याने ही बाग केली. राजाला मान्यता द्यायला चीनच्या बादशहाचे दूत समुद्र ओलांडून यायचे, त्यांचा पाहुणचार इथे व्हायचा. दुसऱ्याच वर्षी, 1800 मध्ये, चाओ वेनखाय हे दूत येऊन गेले. झऱ्याकाठच्या शिळेवर त्यांच्या हातची अक्षरं आहेत. त्या पाहुण्यांना इथून नुसती जमीन दिसावी, राज्य मोठं वाटावं, म्हणून ही जागा निवडली असं तुम्ही सांगितलंत. ही फसवणूक, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. घरातली एकुलती एक चांगली सतरंजी आपण पाहुण्यासाठीच काढतो.

दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या लढाईत ही बाग बेचिराख झाली, आणि 1975 पासून जवळजवळ वीस वर्षं खपून लोकांनी ती पुन्हा उभी केली. 2000 साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण तुमच्या लहानपणी इथे नुसतं रान आणि फुटके दगड होते, असं सांगून तुम्ही पुलाच्या कठड्यावरून हात फिरवलात, तेव्हा ते मला खरं वाटलं. तुमच्या नखांत माती होती. तुम्ही गवत उपटताना फटीतले इवलेसे नेचे राखत होतात, हे बाबांनी बघितलं होतं. परतताना टॅक्सीत ते एवढंच म्हणाले, "त्या बाईला झाड कळतं." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही.

या पत्राचं जपानी भाषांतर मी एप्रिलमध्ये स्वतः आणून देणार आहे. मराठीत आधी लिहिलं, कारण बाबांनी निघताना हात जोडून तुम्हाला मराठीतच "देव तुमचं भलं करो" म्हटलं होतं, आणि तुम्ही सगळं कळल्यासारखी मान हलवली होती.

सोबत एक पुडी असेल, बाबांनी घरच्या झाडांची पाठवलेली आमसुलं. बाहेरच्या रस्त्यावर तुम्ही दाखवलेलं फुकुगीचं झाड आणि आमचा रातांबा एकाच कुळातले, हे कळल्यापासून त्यांनी ती बाजूला काढून ठेवलीत. फार आंबट असतात. पाण्यात भिजवून, चिमूटभर मीठ घालून प्यायची. गोडीला तुमची काळी साखर चालेल, असा बाबांचा निरोप आहे.

तुमची,
त्या दिवशीची घाबरलेली मुलगी