नाल्याचा हिशेब कुणी केला?

महोदय,
खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई प्रांताने सिंचनाच्या कामासाठी सुरू केलेली ही संस्था; आज धरणे, बंदरे, वीज प्रकल्प बांधणारे तिच्याकडे सल्ल्यासाठी येतात. सांडव्याची किंवा बंदराची छोटी प्रतिकृती उभारून तीत खरोखरच पाणी सोडतात. लाट कुठे आदळेल, गाळ कुठे साचेल, हे बांधकामाआधीच कळते. (तिथला समुद्र गुडघाभरही नसतो, पण बघत राहावेसे वाटते!)

आमच्या वस्तीत उलटा प्रकार. नाल्यावरची जुनी मोरी काढून तिथे सिमेंटचे पाइप टाकले. वरून किती क्षेत्राचे पाणी येते, तासाला किती पाऊस धरला, असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘नकाशाप्रमाणे केलंय.’ पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दुकानांत शिरले. आता तोंडाशी अडकलेला कचरा आम्हीच बांबूने काढतो. एवढ्याशा नाल्यासाठी प्रतिकृती कुणी मागत नाही. पाणलोटाचा आणि पुराचा हिशेब निविदेसोबत जाहीर करावा, इतकेच.

– एक वाचक, पुणे