सोयाबीन माळव्याचं, टेम्पे बंगळूरचं

महोदय,

गेल्या रविवारी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. दरवर्षी आम्ही इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जातो. यंदा ती म्हणाली, काहीतरी वेगळं खाऊ, आणि विजयनगरकडच्या एका छोट्या इंडोनेशियन हॉटेलात घेऊन गेली. जेमतेम सहा टेबलं, बांबूच्या चटया, स्वयंपाक समोरच चाललेला. तिथे ऐकलेली एक गोष्ट आठ दिवस मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी गाडो-गाडो मागवलं. कोबी, फरसबी, बटाटा, मोड आलेले मूग, सगळं उकडलेलं आणि वर दाण्यांचा दाट रस. पहिल्याच घासाला मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर आपली उपासाची दाण्याची आमटी!" आणि खरंच तसं होतं. आपण आमसूल घालतो, तिथे चिंच. आपला गूळ उसाचा, त्यांचा माडाचा. फक्त लसूण उपासाला चालायची नाही. त्यांच्या भाषेत साखरेला 'गुला' म्हणतात आणि तो शब्द मूळचा आपल्या गुळाचाच. सांबल म्हणजे त्यांची मिरचीची चटणी. तिच्यात बरेचदा तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, घालतात. आम्ही आधीच विचारलं म्हणून हॉटेलमालकाने बिनकोळंबीची वाटी दिली. शाकाहारी मंडळींनी विचारूनच घ्यावं.

मग टेम्पे आलं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी. तळलेले चौकोनी तुकडे, लांबून थेट थंडीतल्या गराडूसारखे, म्हणजे आपल्या तळलेल्या कंदासारखे. मालकाने हौसेने कच्ची वडीही आणून दाखवली. चिक्कीत दाणे दिसावेत तसं अख्खं सोयाबीन दिसत होतं आणि मधल्या सगळ्या फटी पांढऱ्या, मखमलीसारख्या मऊ थराने भरलेल्या. मैत्रिणीने हात मागे घेतला. "ही बुरशी आहे ना?" होय, बुरशीच. आपण इडली, ढोकळा, जिलबी आंबवून खातो. बुरशी दिसली की मात्र पदार्थ फेकून देतो. तिची भीती मला समजते. तरी तिने एक तुकडा खाल्ला, मग पर्समधली जीरावन मसाल्याची पुडी काढली आणि उरलेल्या सगळ्या तुकड्यांवर भुरभुरली. बाहेर कुरकुरीत, आत भरीव, चव भाजलेल्या दाण्यांच्या जवळची. सोयाबीनचा तो कच्चट वास औषधालाही नाही.

मी मालकाला विचारलं, हे इथेच करता का? तो म्हणाला, "नहीं आंटी, बेंगलुरु से फ्रोजन आता है."

संपादक महोदय, आमची सांवेरला थोडी शेती आहे. पहिला चांगला पाऊस झाला की सोयाबीन पेरायचं, दसऱ्याच्या आसपास काढायचं, ट्रॉली भरून मंडीत न्यायचं, हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. 'पिवळं सोनं' म्हणतात त्याला इकडे. पण विकायचंच, खायचं नाही. सासूबाईंनी एकदा वरणात घालून पाहिलं. वासाने कुणी जेवलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात सोयाबीन म्हणजे बाजारातून आणलेल्या सोयावड्या आणि तेलाची पिशवी. सुमारे 40 टक्के प्रथिनं असलेलं धान्य आपण पिकवतो, त्यातलं 20 टक्क्यांच्या आसपासचं तेल ठेवतो आणि बाकीची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला जाते, नाहीतर परदेशी. 2024 मध्ये क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव असताना मंडीत त्याहूनही कमी भाव मिळत होता. ज्या गावाच्या वेशीवर हे पीक उभं आहे, तिथल्या ताटात त्याचा एक चांगला पदार्थ यायला गोठून, हजारभर किलोमीटरवरून यावा लागतो. याचं मला फार वाईट वाटलं.

करायला ते अवघडही नाही. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, उकडायचं, फडक्यावर पसरून कोरडं करायचं. कोमट असतानाच रायझोपस नावाच्या बुरशीचं विरजण चोळायचं आणि बांधून ठेवायचं. इंडोनेशियातल्या जावा बेटावर केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधायची रीत आहे, आता भोकं पाडलेल्या पिशव्याही वापरतात. साधारण 30 अंशांची ऊब मिळाली तर दीड-दोन दिवसांत बुरशीचे धागे दाण्यादाण्यातून फिरतात आणि सुटं सोयाबीन वडीसारखं घट्ट बांधलं जातं. प्रथिनंही पचायला हलकी होतात. पापड, कुरडया, सांडगे करणाऱ्या बाईला यात न जमण्यासारखं काय आहे? स्वच्छता मात्र कडक हवी. पांढऱ्याऐवजी हिरवा किंवा गुलाबी रंग दिसला, घाण वास आला, तर ते टाकूनच द्यायचं.

अडतं ते विरजणापाशी. दह्याचं विरजण शेजारणीकडून आणता येतं, याचं इंदूरात कुणाकडे मागायचं?

खंडवा रोडवर 1987 पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. खाण्यासाठीचं सोयाबीन हा तिथे अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्या एनआरसी 142 या वाणात पचनाला अडथळा करणारा एक घटक आणि वास आणणारं एक एन्झाइम, दोन्ही नाहीत. म्हणजे सासूबाईंच्या वरणाला जो वास आला, त्यावर या गावातच काम झालेलं आहे, आणि आम्हा शेतकरी घरातल्या बायकांपर्यंत ते पोचलेलं नाही! संस्थेला माझी कळकळीची विनंती आहे की टेम्पेच्या विरजणाची लहान पाकिटं माफक दरात मिळण्याची सोय करावी आणि बचत गटांतल्या बायकांना दोन दिवस हाताने करून शिकवावं. आपल्या मराठी मंडळांच्या खाद्यजत्रांमध्ये एखादा ठेला याचा लागावा. आणि आपण आपल्या पुरवणीत संस्थेतल्या जाणकारांकडून याची सविस्तर कृती लिहून घ्यावी. मापासकट.

त्या हॉटेलमालकाशी माझं बोलणं झालं आहे. चांगलं आणि नियमित मिळालं तर इथलंच घेईन, असं तो म्हणाला. यंदाच्या काढणीतलं दहा किलो सोयाबीन मी निवडून बाजूला ठेवणार आहे. मैत्रिणीने तिच्या अंगणातली केळीची पानं देऊ केली आहेत.

आपली,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर