वाचनालयातल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

वाचनालयाच्या किल्ल्या तुम्ही दुसऱ्याच्या हाती दिल्या, हे मला दूधवाल्याकडून कळलं. सत्काराचं कानावर येताच तुम्ही मुद्दाम लेकीकडे आरमोरीला निघून गेलात, हेही त्यानंच सांगितलं. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता कुठं पळाल?

नागपूरला डी.एड. करता करता मी भरतनाट्यम शिकले आणि नोकरीनं गडचिरोलीतल्या चामोर्शी तालुक्यात येऊन पडले. दर रविवारी समाजमंदिरात सात पोरी जमवायची. धानाच्या रोवणीला वाकणाऱ्या घरच्या पोरी त्या, अर्धमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून, बसायला त्यांना माझ्यापेक्षा कमी त्रास. पायाचं काम पटापट आलं. अडलं ते पुढं. वर्णम आणि पद या अभिनयाच्या रचना; वर्णम तेलुगूत, पद तमिळमध्ये. मी अर्थ सांगायची, त्या माना डोलवायच्या. एकदा पाचवीतली एक मधेच थांबली आणि म्हणाली, "बाई, हे मी कोनाले म्हनून रायली?" मला हसू आलं. मग लाज वाटली, कारण मलाही ते शब्द नुसते पाठच होते. माझ्या बाबांनी उभा जन्म दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवली. ते एकदा येऊन बसले आणि जाताना म्हणाले, "नाच साजरा हाय. पन गोष्ट कोठी हाय?"

हे रडगाणं तुमच्या टेबलापाशी गायले तेव्हा तुम्ही रजिस्टरमधून मानही वर केली नाही. म्हणालात, "तंजावरचे राजे मराठी होते नं वो बाई. त्याईच्या दरबारात का मुक्यानंच नाचत होते?"

दोन महिन्यांनी एसटीच्या पार्सलनं झेरॉक्सचा गठ्ठा आला, बियाणे कंपनीच्या जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेला. आचार्य पार्वतीकुमारांचं १९८२ सालचं 'तंजावूर नृत्यप्रबंध'. ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीचं वाचनालय, अनुदान कधी येईल त्याचा नेम नाही, आणि तुम्ही नागपूरच्या मित्राला कामाला लावून पानं काढवून आणलीत. पैसे विचारले तर "लिहून ठेवलं हाय" म्हणालात. कुठं लिहिलं होतं ते आजवर दाखवलं नाहीत.

पार्वतीकुमार हा माणूस तोवर मला परीक्षेच्या गाइडातल्या एका ओळीपुरता ठाऊक होता. १९२१ चा जन्म, मालवणचा. मुंबईत राहून तमिळ गुरूंकडून, चंद्रशेखर पिल्लै यांच्याकडून, भरतनाट्यम शिकला. नृत्यनाट्यं बसवली, चित्रपटांसाठीही काम केलं. तेवढ्यावर त्याचं उत्तम भागलं असतं. पण तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं १९५८ साली 'कोरव्याचे साहित्याचे जिन्नस' नावाचं जुनं हस्तलिखित छापलं होतं, त्यात तो गुंतला. दुसरे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ या काळातले, त्यांच्या नावानं असलेल्या या नृत्यरचना. आणि त्या मराठीत!

त्यांना निरूपणं म्हणतात. एका निरूपणात अठरा भाग. जयजय, शरणु, अलारु इथून सुरुवात, मग शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा नावांचे भाग करत शेवटी मंगल. सगळ्यांना मिळून राग एक, ताल एक आणि गोष्टही एकच. आज रंगमंचावर दिसतो तो भरतनाट्यमचा क्रम तंजावरच्याच चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी घडवला. तेही याच सरफोजींच्या दरबारातले. त्या क्रमात प्रत्येक रचना सुटी असते. निरूपणात धागा तुटत नाही. बाबा विचारत होते ती गोष्ट इथं होती.

पण कागदावर होते ते शब्द. ते पायांत, हातांत कसे उतरवायचे, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. पार्वतीकुमारांनी ते पुन्हा बसवलं, १९६८ मध्ये काढलेल्या आपल्या शाळेला नावही 'तंजावूर नृत्यशाळा' दिलं, आणि सुचेता भिडे-चापेकरांसारख्या शिष्येनं ते लोकांपुढं नेलं. २०१२ साली ते गेले, तेव्हा मी नागपुरात क्लासला जात होते. क्लासमध्ये कुणी त्यांचं नावही काढलं नाही. याचा मला अजून राग येतो.

ती जुनी मराठी मला एकटीला झेपली नसती. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी तुमच्याकडे, आणि तुम्ही शब्दकोश घेऊन बसलेले. मधेच विषय सोडून तुम्ही कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' काढायचात. नाट्याचार्यांच्या भांडणात जिला राजापुढं नाचावं लागतं ती मालविका विदर्भाची राजकन्या, हे तुम्ही इतक्या वेळा ऐकवलंत की जणू ती चामोर्शीच्या बाजारातच भेटली होती. याच सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाच्या मराठी नाटकात भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडून जगाचा भूगोल वदवला, हेही तुमच्याकडूनच कळलं. सहावीच्या वर्गात ते मी अजून वापरते.

यंदा महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा करून लोक परतले, त्या रात्री पोरींनी अठरातले चार भाग केले. गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं, मध्ये एकदा लाईट गेली. "कोनाले म्हनून रायली" विचारणारी आता अकरावीत आहे. तिनं पद केलं आणि पुढच्या रांगेतल्या बाया ओळीओळीला एकमेकींकडे बघत होत्या. बाबांना विचारलं, कसं झालं? "समजलं सारं," म्हणाले, "पन पद लय लांबवलं." दंडारवाल्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

तुम्ही मागं, दाराशी उभे होतात. चहाला थांबला नाहीत.

गठ्ठा या पत्राबरोबर वाचनालयात परत देते आहे. एकतीस ते चौतीस या पानांची शाई उडाली होती, ती मी हातानं उतरवून जोडली आहेत. दोन शब्द अजून लागले नाहीत, त्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे. आरमोरीहून आलात की बघा.

तुमची,
रविवारच्या वर्गाची बाई