वरचा आकडा

एडिसन, रविवार सकाळ

चि. निनादला अनेक आशीर्वाद.

मुद्दाम देवनागरीत लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेत पाच वर्षं रडत गेलास, ती वसूल होऊ देत. अडलं तर आईला फोन कर, मला नको. मी भाषण सुरू करीन.

परवा तू म्हणालास, केस कापताना सलूनवाल्याने दंडाला पट्टा गुंडाळला आणि वरचा आकडा १४६ निघाला. मी हसलो. सलूनमध्ये कुणी बीपी बघतं का! चुकलंच माझं. मग शोधून वाचलं. तुमच्याच लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय मालकांच्या ५२ सलूनमध्ये बीपी असलेल्या ३१९ गिऱ्हाइकांवर हा प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. जिथे फार्मासिस्ट दुकानातच येऊन, डॉक्टरांच्या संमतीने औषध ठरवून द्यायचा, तिथे सहा महिन्यांत वरचा दाब सरासरी २७ ने उतरला. जिथे सलूनवाला नुसतं 'डॉक्टरला दाखव' म्हणायचा, तिथे ९ ने. दवाखान्यात तोंड न उघडणारा माणूस त्या खुर्चीत बसला की बोलायला लागतो. आमच्या आबांचंही तसंच होतं.

आता माझं ऐक. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पाडले, तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मी दाढी काढली, गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला. तरी गॅस स्टेशनवर एक जण ओरडलाच, आपल्या देशात चालता हो. मी हसून हात केला, घरी येऊन आमटीभात जेवलो आणि आईला काही बोललो नाही. पुढच्या वर्षी बीपी निघालं, तेही बोललो नाही. गोळ्या गाडीच्या खणात ठेवायचो. त्या एका ओरडण्याने बीपी झालं असं नव्हे, घराणं आणि पापड-लोणची आहेतच. पण गिळायची सवय तिथलीच.

शर्मन जेम्स नावाच्या संशोधकाने अशा दात-ओठ खाऊन राबण्याला 'जॉन हेन्रीइझम' म्हटलं. लोककथेतला जॉन हेन्री यंत्राशी पैज जिंकतो आणि घण हातात असतानाच मरतो. त्यांचा अभ्यास उत्तर कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा. आपली गत त्यांच्यासारखी नाही, आपण डिग्र्या घेऊन आलो. पण तुला मी शिकवलं ते हेच: लक्ष देऊ नकोस, मार्क आण.

आणि तुझा तो उंच कृष्णवर्णीय मित्र घरी यायचा, तेव्हा 'आपण त्यांच्यातले नाही' असं मी आईला म्हणालो होतो. तू जिन्यात होतास, मला माहीत नव्हतं. दहा वर्षांनी तू म्हणालास, "बाबा, पोलीस गाडी थांबवतात तेव्हा मी त्यांना कऱ्हाडचा दिसत नाही." त्यावर मी वर्तमानपत्र उलगडलं होतं.

साखरही तपासून घे. आपल्यासारख्या आशियाई वंशाच्यांना इथे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ होण्याची वाट न बघता २३ लाच तपासायला सांगतात. जिम आणि प्रोटीनचा डबा कौतुकाचे, पण आबांनाही पोट नव्हतं, आणि ५२ व्या वर्षी झटका आला.

बीपीचं मशीन घे, दंडाचं, मनगटाचं नको. पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बस, मग बटण दाब. आकडा पाठव. माझा आज १३८, खालचा ८६. गोळ्या आता मिठाच्या बरणीशेजारी असतात, आईच्या नजरेसमोर.

तुझा,
बाबा